तूपपारखी नाना

नाना तूप विकत घेत नाहीत, पकडतात. पकडलेलं तूप त्यांच्या लेखी आधी आरोपी असतं. त्याचा वास घेतला जातो, ते तळहातावर चोळलं जातं, रात्रभर फ्रीजमध्ये कोठडी भोगतं आणि एवढं होऊनही काही सापडलं नाही, तर संशयाचा फायदा देऊन सोडण्यात येतं. निर्दोष मात्र नाना कुणालाच म्हणत नाहीत.

नाना म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. मुलुंड ते कल्याण या पट्ट्यात हे पीक येतं आणि निवृत्तीनंतर त्याला बहर धरतो. रविवारी सकाळी कसारा लोकल खर्डी सोडून आमच्या उंबरमाळीला टेकली, की त्यातला एखादा नग फलाटावर उतरलेला दिसतोच. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, सँडलमध्ये मोजे, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली काचेची रिकामी बरणी. उतरल्या उतरल्या नाना डोळे मिटून छाती भरून श्वास घेतात. डोंगर चढायला आलेली पोरं हवेसाठी घेतात तसा हा श्वास नव्हे. कुठं लोणी कढतंय का, याचा तो अंदाज असतो.

उंबरमाळीच का, असं मी एकदा विचारलं. नानांचं शास्त्र तयार होतं. स्टेशन जेवढं लहान तेवढं तूप शुद्ध. आसनगावपर्यंत बिल्डर पोचले, म्हणजे तिथलं तूप गेलं. आटगाव, तानशेत वाटेवर आहेत. खर्डीला बाजार आहे, आणि जिथं बाजार तिथं भेसळ. कसाऱ्याला घाट आणि हायवे, गिऱ्हाईक एकदा येतं ते परत येत नाही, मग दुकानदार कशाला भिईल? राहता राहिलं उंबरमाळी. इथं दुकानच फारसं नाही, तर फसवणार कोण?

तर्क बिनतोड होता. त्यात फक्त एवढंच राहिलं होतं, की जिथं विकणारा नाही तिथं तूपही नसण्याची शक्यता असते.

नानांची बोलण्याची पद्धतही पाहण्यासारखी. ते ताकाला जाऊन भांडं लपवतात, आणि तेही तुपाला आलेले असताना. ओटीवर बसले, की आधी भाताची चौकशी. यंदा लावणी वेळेवर झाली का? पाऊस कसा होता? बिबट्या येतो का हो इकडं? पिशवीतून बरणीचं झाकण बाहेर डोकावत असतं, समोरच्या म्हातारीची नजर त्या झाकणावर असते, आणि नाना बिबट्यावर. कपभर कोरा चहा पिऊन झाला की नाना सहज आठवल्यासारखं म्हणतात, “काय हो मावशी, तुमच्याकडं घरचं तूप वगैरे...?”

“तूप?” म्हातारी म्हणते. “हाय की.” आणि आतून प्लास्टिकची पिशवी आणते. खर्डीच्या दुकानातली. त्यावर कंपनीचं नाव, किंमत आणि मुदतीची तारीख, सगळं व्यवस्थित छापलेलं. मागच्या महिन्यात नातवाच्या बारशाला आणलेलं उरलंय, पाहिजे तर न्या.

नानांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे येतं, त्याला दुःख म्हणणं कमी पडेल. ज्या पिशवीपासून पळत ते लोकलनं आले, ती त्यांच्या आधीच पोचलेली असते.

यात म्हातारीचा दोष नाही. आमच्या भागात गाय पाळायची ती बैलासाठी आणि शेणासाठी. शेण, पालापाचोळा आणि गवत जाळून भाताचा राब करायचा, बैलांनी चिखलणी करायची. कोकणातली गावठी गाय लहान चणीची, काटक, पावसाला आणि डोंगराला न घाबरणारी. दूध देईल दिवसाला लिटर-दीड लिटर, तेही वासराचा वाटा धरून. त्या दुधात स्निग्धांश साधारण चार टक्के धरला, तर किलोभर तुपाला पंचवीस लिटर तरी दूध लागतं. म्हणजे नानांची एक किलोची बरणी भरायची तर एका गाईचं सतरा ते पंचवीस दिवसांचं सगळं दूध विरजायचं, आणि तेवढे दिवस घरादारानं कोरा चहा प्यायचा, वासरानं तोही नाही. हा हिशोब मी नानांना कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो लक्षपूर्वक पाहिला आणि विचारलं, “मग दोन गाई असतील तर?”

आमच्या घरात फोडणीला पूर्वी तूप नव्हतंच. वरकस जमिनीत खुरासणी व्हायची, तिचं तेल. तूप दिवाळीत, पुरणपोळीवर आणि बाळंतिणीला. आणि आमच्या डोंगरांवरचं गवत? ते कापून, बांधून, ट्रकात भरून मुंबईकडच्या तबेल्यांना गेलं. पाण्याचंही तेच. तानसा धरण १८९२ सालचं, पुढं भातसा झालं. मुंबई त्या पाण्यावर अंघोळ करते आणि शहापूर तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तळं राखील तो पाणी चाखील, ही म्हण करणारा आमच्या तालुक्यात आलेला नसावा. १९४९ मध्ये गोरेगावला आरे कॉलनी उभी राहिली आणि मुंबईच्या म्हशी तिथं नेल्या. गवत आमचं, पाणी आमच्याकडचं, म्हैस मुंबईची. त्या हिशोबानं नानांनी उंबरमाळीचं तूप शोधायला गोरेगावला जायला हवं. हेही मी त्यांना सांगून पाहिलं. “तिथलं मी टेस्ट केलंय,” नाना म्हणाले.

‘टेस्ट’ हा नानांचा खास प्रांत. पिशवीच्या आतल्या कप्प्यात टिंक्चर आयोडीनची बाटली असते. तुपात उकडलेला बटाटा किंवा रताळं कुस्करून घातलं असेल, तर आयोडीनचे थेंब पडताच निळा रंग येतो. ही चाचणी खरी आहे. अन्नसुरक्षेच्या सरकारी पुस्तिकेतही ती आहे. अडचण एवढीच, की आयोडीन फक्त पिष्ट पकडतं. पामतेल घालणारा हुशार असतो, तो बटाटा उकडत बसत नाही. ते पकडायला प्रयोगशाळा लागते, आणि ती पिशवीत मावत नाही.

दुसरी चाचणी हायड्रोक्लोरिक आम्ल आणि साखरेची. वनस्पती तुपात किमान पाच टक्के तिळाचं तेल घालायचं असा आपल्याकडं नियम आला, तो एवढ्याचसाठी, की कुणी ते साजूक तुपात मिसळलं तर आम्ल आणि साखर घालून हलवताच गुलाबी-लाल रंग यावा आणि चोरी उघडी पडावी. १९३७ मध्ये डालडा बाजारात आल्यापासून साजूक तुपाच्या मागं जो संशय लागला, त्यावर काढलेली ही युक्ती. नानांनी हा प्रयोग घरच्या ओट्यावर केला. तूप निर्दोष सुटलं, पण आम्लाचे शिंतोडे कडाप्प्यावर उडाले. कडाप्पा म्हणजे चुनखडीचा दगड, आम्ल पडल्यावर तो जागच्या जागी फसफसला आणि पांढरे डाग कायमचे राहिले. तेव्हापासून नानींनी रसायनशास्त्राला स्वयंपाकघरात बंदी केली आहे.

मग उरतात नानांच्या अंगभूत चाचण्या. पहिली रंगाची: तूप पिवळंच हवं. गाईच्या दुधात हिरव्या चाऱ्यातलं कॅरोटीन उतरतं म्हणून तिचं तूप पिवळं. म्हैस त्या कॅरोटीनचं आपल्या अंगातच अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिचं तूप पांढरं. यात पाप-पुण्य काही नाही. पण पांढरं तूप पाहिलं की नाना भुवई चढवतात. दुसरी कणीची: रवाळ असेल तरच अस्सल. आता कणी धरते ती तूप हळूहळू निवलं तर. ओट्यावर झाकून ठेवलं तर रवा पडतो, गरमागरम फ्रीजमध्ये ढकललं तर तेच तूप गुळगुळीत थिजतं. आणि मोठी, ठसठशीत कणी बहुधा म्हशीच्या तुपाला येते. म्हणजे नानांना रंग गाईचा हवा आणि कणी म्हशीची. असं जनावर अजून जन्माला यायचंय. तिसरी चाचणी तळहाताची: हाताच्या उबेनं वितळलं की शुद्ध. खोबरेल तेलही वितळतं, पण ते नानांनी अजून करून पाहिलेलं नाही.

या तळहाताच्या चाचणीचा घात झाला तो एका पाड्यावर. पौषातली थंडी होती. नाना मला वाटाड्या म्हणून घेऊन वर चढले. एका कुडाच्या घरात, फळीवर, काचेच्या जुन्या बाटलीत फिकट पिवळसर, थिजलेलं, दाट असं काही नानांना दिसलं. नाना थबकले. मला कोपरानं ढोसलं. मग भात, पाऊस, बिबट्या असं कुठलंही वळण न घेता थेट बाटलीकडं गेले. आजीबाईंनी झाकण काढून दिलं. नानांनी काडीनं कण घेतला, तळहातावर ठेवला, चोळला. वितळला. नाकाशी नेला. वास उग्र होता. “जुनं आहे,” नाना माझ्या कानात म्हणाले. “आयुर्वेदात जुन्या तुपाला फार मोल असतं. किती वर्षांचं असेल?” आणि मी तोंड उघडायच्या आत बोट जिभेवर.

“खाता कशाला ओ?” आजीबाई म्हणाल्या. “मोहाचं तेल हाय ते. टाचा फुटल्यात म्हून लावते.”

मोहाच्या बियांचं तेल थंडीत असंच थिजतं. पाड्यांवर ते खाण्यातही असतं आणि अंगाला लावण्यातही. म्हणजे नानांनी काही अभक्ष्य खाल्लं नव्हतं. पण ती बाटली खाण्यातली नव्हती, टाचांतली होती. उतारभर नाना गप्प होते. खाली आल्यावर म्हणाले, “तरी टेक्श्चर बघा तुम्ही.”

असला माणूस एका तालुक्यात मावत नाही. नाना मुरबाडकडंही जाऊन आले. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते, जनावरांचा मोठा बाजार, हे त्यांनी कुठंतरी वाचलं. जिथं एवढी जनावरं तिथं तूप असणारच, म्हणून बरणी घेऊन निघाले. पाहतात तर बैलच बैल. शिंगं रंगवलेले, दात मोजून घेतले जाणारे, भाव ठरवताना रुमालाखाली बोटं दाबली जाणारे. नानांनी दिवसभर हिंडून एक घोंगडी आणली. बैलाचं तूप अजून कुणी काढत नाही, हे घरी नानींनी समजावून सांगितलं.

२०२४ साल मात्र नानांच्या भरभराटीचं गेलं. ऑगस्टात अन्नसुरक्षा प्राधिकरणानं दुधा-तुपाच्या वेष्टनावरचे ‘ए-टू’ वगैरे दावे काढून टाका म्हणून आदेश काढला आणि आठवड्याच्या आत तो मागंही घेतला. नानांनी दोन्ही कात्रणं जपून ठेवली. पहिल्या कात्रणानं त्यांचा संशय खरा ठरला होता आणि दुसऱ्यानं तो वाढला होता. पुढच्याच महिन्यात तिरुपतीच्या लाडवातल्या तुपावरून देशभर गदारोळ उठला. त्या रविवारी नाना उंबरमाळीच्या फलाटावर उतरले ते एखाद्या अभियानावर निघाल्यासारखे. “देवाच्या प्रसादावर ही वेळ, तिथं माझ्या वरणभाताचं काय?” ते म्हणाले. आवाजात चिंता होती, पण चालण्यात उत्साह होता. उद्या जगातलं सगळं तूप शुद्ध झालं, तर नानांनी रविवारी करायचं काय, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

गंमत अशी, की नाना ज्या तुपावर आजवर जगले, त्याची त्यांनी एकदाही परीक्षा घेतलेली नाही. ते तूप नानींचं. पिशवीतलं दूध तापवायचं, निवलं की साय काढून डब्यात टाकायची, त्याच डब्याला विरजण. आठवडाभरानं थंड पाणी घालून मिक्सरमधून फिरवायची, की लोण्याचा गोळा वर. तो दोन-तीनदा धुवायचा आणि कढवायचा. वाटीभर तूप निघतं. वरणभात, साबुदाण्याची खिचडी, कढीची जिऱ्याची फोडणी, गुरुवारचा शिरा, सगळं त्याच वाटीत. बेरीत साखर घालून नाना ती उभ्या उभ्या खातात. बाहेरून आणलेल्या बरण्या शोकेसमध्ये राहतात आणि पाहुण्यांना हुंगायला मिळतात. मी एकदा घरी गेलो होतो तेव्हा नानींनी ताटात तूप वाढलं. नाना म्हणाले, “हे आपलं साधंच आहे हं, सायीचं.” त्या तुपाला उत्तम कणी होती. नानींनी माझ्याकडं पाहिलं आणि आणखी एक चमचा वाढला.

शेवटी नानांना आमच्याकडंच तूप मिळालं. आमच्या वहिनींची एक म्हैस गेल्या दिवाळीला व्यायली. तिचं दूध खर्डीच्या हॉटेलाला जातं, घरापुरतं उरतं. सणाआधी वहिनी थोडं थोडं विरजून लोणी साठवतात. म्हशीच्या दुधात सात टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश, म्हणून पंधरा लिटरच्या पुढं-मागं दुधात किलोभर तूप सुटतं. नाना आले तेव्हा लोणी चुलीवर होतं. म्हणजे या वेळी फलाटावरचा श्वास कामी आला होता.

नाना चुलीसमोर पाटावर बसले ते उठेचनात. जाड बुडाच्या पातेल्यात आधी पांढरा फेस आला, मग तडतड सुरू झाली. वहिनींनी एक लाकूड मागं ओढून जाळ कमी केला. लोण्यातलं पाणी असेपर्यंत हा आवाज चालतो. तो थांबत आला, की नजर हलवायची नाही. फेस विरळ झाला, तळाशी बेरी बदामी दिसू लागली. वहिनींनी विड्याचं पान टाकलं, ते चर्र करून आक्रसलं. पातेलं उतरवलं. नाना काही बोलले नाहीत. आयोडीनची बाटलीही बाहेर आली नाही. एवढा वेळ नाना गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

“काका, म्हशीचं हाय,” वहिनी गाळता गाळता म्हणाल्या. “गाय नाय आमच्याकडं. आदीच सांगते.”

“हो हो,” नाना म्हणाले.

“पांढरं व्हनार.”

“हो हो.”

वहिनींनी अर्धा किलो मोजून दिलं. दुकानातल्या भावापेक्षा शंभर रुपये जास्त मागितले. नानांनी घासाघीस केली नाही. बरणी मांडीवर धरून ते परतीच्या लोकलमध्ये बसले, हे मी फलाटावरून पाहिलं.

पुढच्या बुधवारी मला एक फोन आला. नानांच्या सोसायटीतले कुणी गृहस्थ. “तुम्हीच का ते उंबरमाळीचे? नानांनी आम्हाला चव दाखवली हो. वा! देशी गाईचं म्हणजे देशी गाईचंच. जंगलातल्या वनस्पती खाणारी ना ती? आणि पहाटे ब्राह्ममुहूर्तावर घुसळतात म्हणे?”

मी म्हटलं, “नानांनी असं सांगितलं?”

“अहो, डोळ्यांनी पाहून आलेत. पण पांढरं कसं, असं आम्ही विचारलं. तर म्हणाले, गाय पांढरी आहे.”

एवढे दिवस ज्या भेसळीच्या मागं नाना हात धुऊन लागले होते, ती अखेर त्यांना सापडली होती. फक्त ती तुपात पडली होती कल्याण ओलांडल्यावर, आणि घालणारे तेच होते. तिला आयोडीन लागू पडत नाही.

गृहस्थ पुढं म्हणाले, की येत्या रविवारी सोसायटीतले सात-आठ जण येतायत. प्रत्येकाची एक-एक किलोची बरणी. पैशाचा प्रश्न नाही. आणि बरोबर मुलं आहेत, त्यांना गाय बघायचीय, जमलं तर तिची पूजाही करू म्हणतात.

मी गोठ्याकडं गेलो. वहिनी म्हशीपुढं पेंढा टाकत होत्या. सगळं ऐकून घेतलं. त्यांनी आयुष्यात कधी दुधात पाण्याचा थेंब घातला नाही, हे सगळं गाव सांगेल. थोडा वेळ म्हशीकडं पाहत राहिल्या, मनात किलोला शंभर असा काही हिशोब झाला असावा. मग पदरानं हात पुसत म्हणाल्या, “एवढं तूप काय आपल्याकडं होयाचं नाय. अर्धा-अर्धा किलो जमंल, ते पन संक्रातीच्या म्होरं. आणि भाऊजी, म्हशीचंच हाय, हे मी पयल्यांदा सांगनार. मी काय खोटं बोलनार नाय.”

“आणि गाय बघायची म्हणाले तर?”

“तवा तुमी सांगा,” वहिनी म्हणाल्या, “गाय चरायला गेलीय.”